भिंतीवर नसलेल्या पट्ट्या

सळया सकाळी सहाला आगीवर चढल्या आणि नऊ वाजेपर्यंत पाल्मीराआत्या दोनदा लोणी घालायला विसरली. गिदीनींच्या घरात ही गावभर होण्यासारखी बातमी होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वरच्या मैदानावर गिदीनी आणि बेर्तूसी या दोन घरांची उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, माणशी पंचवीस, मग खाली छपरात सळईवरचं मांस नि मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता, आणि हरणाऱ्या घरानं पोलेंत्याचा तांब्याचा हंडा घासायचा, हा नेम बाप फाउस्तीनोनं घालून दिला त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. या पंचेचाळीस वर्षांत पाल्मीरानं डुकराचा एक तुकडा कोरडा पडू दिला नव्हता.

"आत्या, तुझं ध्यान कुठंय?" मार्तीनोनं विचारलं. थोरल्या भावाचा, बात्तिस्ताचा हा मुलगा ब्रेशियाच्या बँकेत होता, काळा चष्मा लावून छपरातही वावरत होता, आणि त्याचा हात बोलता बोलता बटाट्यांकडे चालला होता.

"माझं ध्यान जिथं असायचं तिथं आहे. तू हात मागे घे, नाहीतर पळा हाणीन."

ध्यान होतं बाहेर उभ्या असलेल्या भाचीच्या, निवेसच्या, लहानग्या फियाटमध्ये. मागच्या सीटवर करड्या घोंगडीत गुंडाळलेली बापाची बंदूक होती. आदल्या दिवशी तेलपाणी करायला म्हणून निवेसनं ती घरच्या कारखान्याच्या दारावरून उतरवली होती. त्या घोंगडीत बापाची बंदूक किती आणि दुसरंच काही किती, हे घरात दोघींनाच ठाऊक होतं. आणखी तासाभरात ते सगळ्यांना कळणार होतं, आणि बात्तिस्ता थैमान घालणार होता.

बाप फेब्रुवारीत गेला, चौऱ्यांशीचा होऊन. दरीतला बंदुकीच्या दस्त्यांचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाचा, सगळ्यात मोठा कारागीर. नळ्या बेर्तूसींनी घडवायच्या, लाकूड गिदीनींनी. त्याची पद्धत अशी, की गिऱ्हाईक आलं की आधी त्याला उभं करायचं, कोपर वाकवायला सांगायचं, गाल पाहायचा, मान पाहायची, कोणता डोळा जोरकस आहे ते पाहायचं, आणि मग अक्रोडाच्या एका पातळ पट्टीवर तीन खुणा करायच्या: चापापासून दस्त्याच्या टाचेपर्यंतची लांबी, गालाखालचा उतार आणि बाहेरच्या बाजूला दिलेला बाक. पट्टीवर पेन्सिलीनं नाव लिहून ती भिंतीला टांगायची. चारशेवर पट्ट्या होत्या भिंतीवर. दोन न्यायाधीश होते, एक बिशप होता, क्रेमोनाची एक दवाखानेवाली बाई होती, बेर्तूसींचं तर सगळं खानदान होतं.

गिदीनी मात्र एकही नव्हता. गिदीनींनी त्या रविवारी एकाच बंदुकीनं खेळायचं, बापाच्या. बाप ताडमाड उंच, हात गुडघ्यापर्यंत, मान लांब. बाकीचं घर आईच्या वळणावर गेलेलं, बुटकं नि गोल. बेर्तूसी आपापली बंदूक घेऊन यायचे, गिदीनींनीच मापं घेऊन दस्ता बसवलेली, आणि दर वर्षी गिदीनींना धुऊन काढायचे. मग गिदीनी हंडा घासता घासता म्हणायचे, की आपल्या घराला हातच चांगले दिलेत देवानं, डोळा नाही दिला. बापाखेरीज एकटा मार्तीनो त्या बंदुकीनं वीसच्या वर जायचा. तोही आजोबांसारखाच बांबू होता, पण हे दोन्ही एकत्र कुणी जोडून पाहिलं नव्हतं.

जोडून पाहिलं ते निवेसनं. धाकटा भाऊ जोविता याची ही पोरगी. पोरगी सहा वर्षांची असताना जोविता गेला. आई बेर्तूसींची, म्हणून पोरगी दोन्ही घरांत वाढली, पण तिचा जीव लाकडात. पाच वर्षं काकाच्या हाताखाली दस्ते घासत नि तेल चोळत होती. आजोबा गेले, खिडकीखालची त्यांची जागा रिकामी झाली, तेव्हा तिनं ती मागितली. बात्तिस्ता म्हणाला, "बाबांच्या बंदुकीनं पंचविसात वीस फोड, मग बस. जिला स्वतःला तबकडी फुटत नाही ती गिऱ्हाइकाला काय सांगणार?" आदल्या वर्षी तिच्या अकरा फुटल्या होत्या, त्याआधी नऊ. बात्तिस्तानं सारेझ्झोच्या एका कारागिराला शब्द देऊन ठेवला होता. आज वीस झाल्या नाहीत तर तो माणूस उद्या सोमवारी सकाळी खिडकीखाली बसणार, आणि निवेस खालच्या फॅक्टरीत स्क्रू पिळायला जाणार. तिथला फॉर्म तिनं भरूनही ठेवला होता.

जूनमध्ये ती एक दिवस स्वयंपाकघरात आली होती, हातात क्रेमोनावालीची पट्टी घेऊन.

"आत्या, ही बाई माझ्याच अंगाची आहे ना?"

"थोडी जाड आहे. का गं?"

"मी हिची पट्टी आजोबांच्या बंदुकीला लावून पाहिली. बंदूक दोन बोटं लांब आहे. मला बंदूक मोठी होते, आत्या."

"बंदूक कधी मोठी होते का? ते काय जाकीट आहे?" पाल्मीरा पटकन बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. छऱ्याच्या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, नसते, नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी, आणि दस्ता अंगाला बसला नाही तर डोळा चुकीच्या जागी येतो, हे बाप प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. ते ऐकत ती म्हातारी झाली होती. आणि ऐकता ऐकता तिनं घरातल्या पोरीचा दर ऑक्टोबरला निळा पडणारा गाल बर्फानं शेकला होता, वर सांगितलं होतं, "डोकं उचलू नकोस गं."

तेव्हापासून बात्तिस्ता दुपारी जेवून आडवा झाला की पाल्मीरा कारखान्याच्या दारात वाटाणे सोलत बसायची. वाटाण्यांचा हंगाम संपला तेव्हा घेवडा आणला. आत निवेस लाकूड कोरत असायची.

---

दहा वाजता सगळे वर मैदानावर जमले. मदत म्हणून सळयांपाशी निवेसच्या आईला बसवून पाल्मीराही वर आली. असं ती कधी करत नसे, त्यामुळे बात्तिस्तानं भुवया उंचावल्या. बेर्तूसींची फेरी झाली होती. त्यांचा म्होरक्या फेर्मो, निवेसचा मामा, तेवीस फोडून मिशा पुसत उभा होता.

"चला गिदीनी," तो ओरडला. "हंडा वाट पाहतोय."

नियमाप्रमाणे सगळ्यात धाकट्यानं आधी खेळायचं. निवेसनं घोंगडी उलगडली.

बापाच्या बंदुकीचा दस्ता काळपट होता, हाताच्या घामानं जवळपास काळाच. घोंगडीतून निघाला तो मधाच्या रंगाचा, त्यात धुरकट रेषा, आणि चांगला आखूड. क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग बात्तिस्ताच्या तोंडून असा आवाज निघाला, की मैदानाच्या कडेचा कुत्रा उठून बसला.

"बाबांचा दस्ता कुठाय?"

"सुखरूप आहे, काका," निवेस म्हणाली. तिनं मान वरच ठेवली होती. "एक ओरखडासुद्धा नाही. दोन स्क्रू काढले की परत बसतो."

"कुठाय म्हणून विचारतोय!"

"माझ्या पेटीत," पाल्मीरा म्हणाली. "उशीच्या अभ्र्यांखाली. लव्हेंडर घालून ठेवलाय."

बात्तिस्तानं बहिणीकडे वळून पाहिलं. एकसष्ट वर्षांत तिनं त्याच्याविरुद्ध काही केलेलं त्याला आठवत नव्हतं.

"तू? तू यात आहेस?"

"मी घेवडा सोलत होते."

"ही बाबांची बंदूक नाही," बात्तिस्ता सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "अट होती बाबांच्या बंदुकीची. ही पोरगी बाद. संपला विषय."

"थांब थांब," फेर्मो पुढे आला. "बाद कशी? या नळ्या माझ्या बापानं घडवल्यात. हा बघ शिक्का. नळ्या त्याच, चाप तोच. बंदूक तीच आहे."

"नळ्या म्हणजे बंदूक?" बात्तिस्ताला आता खरा राग आला. "नळ्या काय, नळकामवालाही बसवतो! हातात काय धरतोस? गालाला काय लावतोस? बंदूक म्हणजे लाकूड!"

"ऐका, ऐका! नळकामवाला म्हणतोय मला! चारचौघांत!"

"मामा, तुम्ही आमच्या बाजूनं का भांडताय?" मार्तीनोनं गोंधळून विचारलं. "ती बाद झाली तर फायदा तुमचाच आहे."

"हंडा गेला खड्ड्यात! नळ्यांचा अपमान मी ऐकून घेणार नाही."

दोन्ही घरं एकदम बोलायला लागली. कोण कुणाच्या बाजूचं, काही पत्ता लागेना. बेर्तूसी सगळे निवेसच्या बाजूला, आणि तिच्या सख्ख्या चुलत्याच्या तोंडाला फेस. पाल्मीरानं एप्रनला हात पुसले. आयुष्यात एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"बात्तिस्ता," ती म्हणाली, "बंदूक म्हणजे लाकूडच ना?"

"अर्थात!"

"नक्की?"

"बाबांच्या शपथेवर."

"मग ही बंदूक कुणी केली?"

बात्तिस्तानं त्या मधाळ दस्त्याकडे पाहिलं.

"लाकूड म्हणजे बंदूक, तर पोरीनं अख्खी बंदूक घडवलीय, एकटीनं. मग तिला खिडकीखाली बसायला अट कसली घालतोस? आणि लोखंड म्हणजे बंदूक असेल, तर ही बाबांचीच आहे, मग खेळू दे तिला. तुला कुठलं पटतंय ते सांग. मला मांस बघायला जायचंय."

पहिला हसला फेर्मो. मग बेर्तूसी सगळे, मग मार्तीनोसुद्धा. बात्तिस्ताचे कान लाल झाले. त्यानं निवेसच्या हातातून बंदूक हिसकावली, आणि पाल्मीराला वाटलं, आता आपटतो. पण त्याचा अंगठा आपोआप दस्त्यावरून फिरला, गालाच्या जागेवरून खाली टाचेपर्यंत, मग उलटा वर. चाळीस वर्षांची सवय होती ती.

"लाकूड कुठलं?" त्यानं विचारलं.

"बाबांचं," निवेस म्हणाली. "माझ्या बाबांचं. माळ्यावर वाळत ठेवलेलं. त्यांची खूण आहे त्यावर."

धाकट्या भावाची ती खूण बात्तिस्तानं बोटानं चाचपली. मग बंदूक परत देत म्हणाला, "पंचविसात वीस. एकोणीस झाल्या तरी सारेझ्झोवाला उद्या येणार. आणि मागे उभं राहून निकाल मी देणार."

"द्या," निवेस म्हणाली.

---

पहिल्या दोन तबकड्या तशाच निघून गेल्या. निवेसनं पाय रोवून घेतले. पाल्मीरानं डोळे मिटले आणि जन्मभर चर्चला जाणाऱ्या बाईनं मागू नये अशी गोष्ट देवाकडे मागितली, की वारा पडू दे आणि माझ्या भावाला शिंक येऊ दे.

"सोड!" निवेस ओरडली, आणि तिसरी फुटली.

मग चौथी, पाचवी. नारिंगी चुरा हवेत उडत होता. पाल्मीराला नेमबाजीतलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट तिला दिसली. अंगणात सराव करताना बंदूक खांद्याला आली की पोरगी मान पुढे काढून, गाल ताणून दस्त्याला शोधायची. आज ती मान जागची हलवत नव्हती. बंदूक वर यायची आणि गाल तिथे असायचाच.

नववी नि दहावी वाऱ्यानं खाली दाबली, दोन्ही गेल्या. सतरावी गेली. एकूण पाच गेल्या. आता एकही चूक चालणार नव्हती. फेर्मो मोठ्यानं मोजत होता आणि प्रत्येक आकड्याला स्वतःच्याच घराचं नुकसान करत होता. बाविसावी फुटली, तेविसावी फुटली, चोविसावी फुटली.

"सोड!"

पंचविसावी उजवीकडे निसटली, बार झाला, आणि तबकडी तशीच झाडांकडे जाताना दिसली.

निवेसनं बंदूक खाली घेतली. एकोणीस. पाल्मीराला हुंदका आला, तो तिनं एप्रनमध्ये दाबला. फॅक्टरीचा फॉर्म स्वयंपाकघराच्या टेबलावरच पडला होता, फळांच्या परडीखाली.

"मला काही दिसलं नाही," फेर्मो पडेल आवाजात म्हणाला. "काय रे बात्तिस्ता?"

सगळे बात्तिस्ताकडे पाहायला लागले. नियम साधा होता. एक तुकडा जरी उडताना दिसला तरी तबकडी फुटली, आणि ते पाहायचं काम मागे उभ्या असणाऱ्याचं. बात्तिस्ता निवेसच्या बरोबर मागे उभा होता, डोळे किलकिले करून झाडांकडे बघत. नाही म्हणाला असता तर त्याला कुणी खोटं पाडलं नसतं.

"तुकडा उडाला," तो म्हणाला.

"काय?"

"वरच्या कडेचा. एवढासा." त्यानं करंगळीचं नख दाखवलं. "सगळे छर्रे वरून गेले. का गेले?" हे तो निवेसला विचारत होता, वर्गात विचारतात तसं.

निवेसनं दस्त्याकडे पाहिलं. "गालाखाली लाकूड जाड राहिलंय?"

"कानसीचे दोन हात. जास्त नाही, दोनच. शेवटी शेवटी माणूस दमतो, गाल जड पडायला हवा तो पडत नाही, डोळा वर राहतो. हे आधी धरायचं असतं. उद्या सकाळी पहिलं काम ते. आठाला ये. आणि खिडकीपाशी ऊन येतं, पडदा ओढून घेत जा."

बोलून तो पाठ फिरवून उभा राहिला, आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरायला लागला. निवेस त्याच्या पाठीलाच जाऊन बिलगली. पाल्मीरा मोकळेपणानं रडली. फेर्मोनं टोपी हवेत फेकली, ती काटेरी कुंपणात अडकली.

---

मग मार्तीनोची पाळी. चष्मा कपाळावर चढवून त्यानं तीच बंदूक उचलली, आणि पहिल्याच बाराला स्वतःचा अंगठा स्वतःच्या नाकावर हाणून घेतला.

"आई गं! हे काय खेळणं आहे?"

"तुला लहान होतेय," निवेस म्हणाली.

"बंदूक कधी लहान होते का?"

"ते काय जाकीट आहे?" पाल्मीरा म्हणाली, आणि आत्या-भाची एकमेकींना टाळ्या देऊन हसल्या. मार्तीनोच्या आठ फुटल्या. घराचा लाडका नेमबाज, आठ! नाक धरून तो खाली बसला.

शेवटी बात्तिस्ता. पंचेचाळीस वर्षं त्याच्या चौदा फुटायच्या. कधी तेरा, एकदा सोळा. त्यानं बंदूक खांद्याला लावली, आणि उतरवली. परत लावली. परत उतरवून तिच्याकडे अशा संशयानं पाहिलं, की जणू ती काहीतरी लपवतेय.

"काय झालं?" फेर्मोनं विचारलं.

"काही नाही. सोड!"

एकवीस फुटल्या. शेवटच्या पाच-सहांना तर मैदानावरची माणसं जवळ सरकत आली. फेर्मो सगळ्यात आधी सावरला.

"बात्तिस्ता! अरे, तुला डोळा आहे की!"

बात्तिस्ता खाली छपराकडे चालायला लागला.

बेरीज केली तर मार्तीनोच्या नाकामुळे गिदीनी यंदाही हरले होते. पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, एका मार्तीनोशिवाय, कारण हंडा एकमतानं त्याला दिला गेला. मांस जरा कोरडं झालं होतं. कुणी तसं म्हणालं नाही, आणि पाल्मीरानंही पहिल्यांदाच माफी मागितली नाही. बात्तिस्ता मात्र ताटात काटा फिरवत बसला होता.

"काका," निवेस म्हणाली, "काय झालं? जेवत का नाही?"

"मला वाटायचं मला दिसतच नाही नीट," तो म्हणाला. "बाबांना मी विचारलं होतं एकदा, वीस वर्षांचा असताना. म्हणाले, तू घासकाम चांगलं करतोस. म्हणून मी घासत बसलो."

मग निवेस उठली, गाडीतून आपली पिशवी घेऊन आली, त्यातून अक्रोडाची एक कोरी पट्टी काढली आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"उठा, काका. कोपर वाकवा."

"चल, काहीतरीच. जेवताना?"

"वाकवा म्हणते ना."

चौसष्ट वर्षांचा बात्तिस्ता उभा राहिला. चारशे माणसांची कोपरं बापासमोर वाकताना त्यानं पाहिली होती, पण स्वतःचं कसं धरायचं ते त्याला समजेना, फेर्मोनंच ते धरून सरळ केलं. निवेसनं खुणा केल्या. "बाबांची बंदूक तुम्हाला दोन बोटं मोठी होती, काका. माझ्याएवढीच."

"दोन बोटं," बात्तिस्ता म्हणाला. "दोन बोटांसाठी पंचेचाळीस वर्षं हंडा घासला मी!" आणि तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

पाल्मीरा पोलेंता वाढायला उठली, तर त्यानं तिचा हात धरला.

"तू कुठं चाललीस? पोरी, पट्टी दे एक. हिचं माप मी घेणार."

"माझं? मला काय करायचंय रे? मला डोळा नाही. सतराव्या वर्षी तीन फुटल्या होत्या, गाल सुजला होता, विसरलास? तूच सगळ्यात जास्त हसला होतास."

"म्हणूनच," बात्तिस्ता म्हणाला. "कोपर वाकव."

तिनं पळा खाली ठेवला. कोपर वाकवलं. भावानं पट्टी तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवली, बोट चापाच्या जागी आलं तिथे पेन्सिल ओढली, मग बोटांनी काहीतरी मोजलं आणि परत मोजलं.

"किती?" पाल्मीरानं विचारलं. "मला किती मोठी होती?"

"चार बोटं," तो म्हणाला. "चार बोटं, पाल्मीरा. त्या बंदुकीनं तीन फोडल्यास, हेच नवल."

पाल्मीरानं स्वतःची चार बोटं समोर धरून पाहिली. पिठानं माखलेली होती. चव्वेचाळीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती, की मला जमत नाही बाई.

"बघू ती पट्टी," ती म्हणाली. "नाव कुठं लिहिलंस?"

"लिहितोय. पाल्मीरा."

"नुसतं पाल्मीरा नको. आडनाव घाल. आणि उद्या भिंतीवर मधोमध लाव, बिशपच्या वर."